मोकळे राहिलेले तीन रकाने

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी नगरच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात. पत्त्यावर आता अहिल्यानगर लिहायचे असते. टेम्पोवाला मात्र अजून 'नगर, नगर' असेच ओरडतो. पोत्यांची तोंडे सुटतात, फुले ओतली जातात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना एक कडवट, हिरवा वास बसतो. लोक त्याला सणाचा वास म्हणतात. माझ्या नाकात त्याच्यासोबत मशीनचे तेल येते आणि मग राग येतो. इतक्या वर्षांनी तो कमी व्हायला हवा होता. कमी झालेला नाही. फक्त नीटनेटका झाला आहे, इस्त्री केलेल्या शर्टासारखा.

बातमीत राग लिहायचा नसतो, असे आम्हाला शिकवले होते. आधी काय घडले ते लिहायचे. म्हणून ते आधी.

एका वर्तमानपत्राची नगर आवृत्ती बंद झाली आणि उपसंपादकांच्या टेबलावरचे चार जण एकाच दुपारी रिकामे झाले. त्यांतला एक मी. त्याच सुमारास एमआयडीसीतल्या एका कंपनीला 'चांगले मराठी आणि चांगले अक्षर' असलेला माणूस हवा होता. कंपनी गाड्यांसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवायची. तिचा माल घेणाऱ्यांची माणसे वर्षातून दोनदा तपासणीला येत. त्याला ऑडिट म्हणत. मागच्या ऑडिटमध्ये शेरा पडला होता, की मशीनवरच्या सूचना इंग्रजीत आहेत आणि त्या वाचणारा शॉपवर, म्हणजे मशीन चालतात त्या शेडमध्ये, कोणी नाही. सगळे कागद कामगारांच्या भाषेत हवेत. तर ते कागद हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिण्याचे काम मला मिळाले. शॉपवर पहिल्याच दिवशी माझे नाव 'पत्रकार' पडले आणि तेच राहिले.

बातमीदाराला पाच प्रश्न शिकवतात: काय, कोण, कुठे, कधी, का. 'का' शेवटी येतो आणि बहुतेक वेळा तिथवर जागा पुरत नाही. कंपनीत मी पाहिले, की तिथेही पाच प्रश्न आहेत, पण पाचही एकच आहेत. का, का, का, का, का. काही बिघडले की एक छापील कागद भरायचा. त्यावर पाच रकाने. पहिल्या 'का'चे उत्तर आले की त्या उत्तरालाच पुन्हा 'का' विचारायचे. अशा पाच पायऱ्या उतरल्या की चुकीचे मूळ सापडते. कागदाला शॉपवर 'व्हाय-व्हाय' म्हणत. मला ती पद्धत फार आवडली. वर्तमानपत्रात इतकी हिंमत कोणी केली नव्हती. एखाद्या मंत्र्याला लागोपाठ पाच वेळा 'का' विचारलेले मी पाहिलेले नाही.

आवडण्याचे दिवस थोडे होते. कंपनीची भाषा कळू लागली तसे लक्षात आले, की इथे प्रत्येक शब्द एक काम करतो, आणि ते म्हणजे कोणाला तरी खुर्चीत बसू देणे. वहीच्या मागच्या पानापासून मी एक कोश सुरू केला. 'मटेरियल वाटेत आहे' म्हणजे ऑर्डरचा मेल अजून पाठवलेला नाही. 'काम प्रोसेसमध्ये आहे' म्हणजे कोणाकडे आहे ते आठवत नाही. 'मायनर मॉडिफिकेशन' म्हणजे हातोडा. 'डेव्हिएशन घेतले' म्हणजे माल चुकला आहे, पण गाडी दारात उभी आहे. 'ट्रायल सक्सेसफुल' म्हणजे मशीन एकदा चालले आणि तेव्हा साहेब समोर होते. 'टेम्पररी' हा शब्द दोन गोष्टींना लावत: जी तार कधीच निघणार नाही तिला, आणि जो माणूस कधीच कायम होणार नाही त्याला.

कारणे शोधायला माशाच्या सांगाड्यासारखी एक आकृती काढत. मधला काटा म्हणजे चूक. बाजूचे काटे म्हणजे माणूस, मशीन, माल, पद्धत. शॉपवर तिला 'बोंबील' म्हणत. 'साहेब बोंबील घेऊन बसलेत' असे कोणी सांगत आले की प्रत्येक जण आपापल्या मशीनला जास्तच चिकटून उभा राही, कारण बिल कोणाच्या नावावर फाटणार ते कळलेले नसे. एवढेच ठरलेले असे, की काटा माणसाच्या बाजूचा निघेल.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला हा कोश वाचला जाई. सगळ्यांत मोठ्याने हसणारा भाऊसाहेब. कर्जत तालुक्यातल्या एका खेड्याचा, चाळिशी ओलांडलेला, कंपनीतल्या पत्रा दाबणाऱ्या सगळ्यांत मोठ्या प्रेसवर अकरा वर्षे टेम्पररी. नावातच साहेब असल्यामुळे प्लांट मॅनेजर देशमाने साहेबांची पंचाईत होई. ते त्याला 'भाऊ' म्हणत आणि उरलेला साहेब स्वतःकडे ठेवत.

"पत्रकार, माझा बी एक शब्द घ्या," एकदा भाऊसाहेब भाकरी मोडता मोडता म्हणाला. "'लक्ष ठेवा रे' म्हंजी काय?"

"काय?"

"म्हंजी आमी घरी चाललो."

टेबल हसले. इलेक्ट्रिशियन सॅमसन गायकवाड हसता हसता ताकाच्या ग्लासात ठसकला. सॅमसन सोनईकडचा. रविवारी चर्चला जाणारा, नाताळला सगळ्या शॉपला केक वाटणारा, आणि खंडेनवमीला सगळ्यांच्या आधी आपला टेस्टर आणि पक्कड पूजेच्या पाटावर ठेवणारा. कोणी चिडवले तर म्हणायचा, "माझा जीव ह्या टेस्टरवर हाय. त्याला हळदकुंकू लावायला मला कुनाची परवानगी लागत न्हाई."

त्या वर्षीची खंडेनवमी मला तपशिलाने आठवते. सकाळी शॉप धुतला होता. फरशीवरच्या पिवळ्या रेघा नव्याने मारल्या होत्या. ऑडिट पुढच्या सोमवारी होते. मशीन बंद असले की शॉपमध्ये चिमण्यांचा आवाज येतो, हे त्या दिवशी कळले. झेंडू, नारळ, ऊद, आणि या सगळ्याखाली तेल. मोठ्या प्रेसला पहिला हार मालक स्वतः बांधत. तो दिवाळीपर्यंत कोणी काढत नसे. ही कंपनीची रीत होती आणि तिच्यात वाईट काहीच नव्हते. जे यंत्र पोट भरते त्याच्यापुढे वर्षातून एकदा माणूस वाकतो. यापेक्षा शहाणे वागणे मी त्या कंपनीत दुसरे पाहिले नाही.

हार एरवी प्रेसच्या माथ्यावर बांधत. त्या वर्षी फोटोवाला नवा होता. शिडीवर चढलेल्या मालकांचा फक्त पाठमोरा सदरा येतोय, अशी त्याने तक्रार केली. मग मालक खाली उतरले. प्रेसच्या पुढे दोन्ही बाजूंना दोन पिवळे खांब होते, छातीएवढ्या उंचीचे. एका खांबातून दुसऱ्याकडे न दिसणारे किरण जात. मध्ये हात आला की किरण तुटे आणि प्रेस जागच्या जागी थांबे. शॉपवर त्याला 'पडदा' म्हणत. पण त्या सकाळी तिथल्या कोणालाही पडदा दिसला नाही. दोन खांब दिसले: सारख्या उंचीचे, नुकतेच रंगवलेले, हाताशी. हार बांधायला याहून सोयीची जागा नव्हती. मालकांनी या खांबापासून त्या खांबापर्यंत हार बांधला, तो मध्ये छान झोळ देऊन लोंबला, फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि सकाळी प्रेस चालेना. बटण दाबले की लाल दिवा. भाऊसाहेबाने एकदा हाराकडे पाहिले आणि त्याला कळले.

"साहेब, हार मधी येतोय. सोडून वर बांधू का?"

"राहू दे, भाऊ," देशमाने म्हणाले. "मालकांनी स्वतः बांधलाय. सोमवारी ऑडिटवाले येतील, त्यांनाही दिसू दे."

"मंग प्रेस कशी चालायची?"

"सॅमसन, पडद्याला टेम्पररी बायपास दे."

सॅमसन जागचा हलला नाही. "साहेब, पडदा बायपास म्हंजी..."

"चार दिवस रे. मला शिकवतो का?"

सॅमसनने पॅनेल उघडले. वीतभर तारेचा तुकडा घेतला, दोन टोके सोलली, दोन जागी आवळली. लाल दिवा गेला, हिरवा लागला. प्रेसला आता वाटत होते, की तिच्यापुढे कधीच काही येणार नाही. पॅनेल बंद करताना सॅमसन माझ्याकडे वळला. "पत्रकार, घ्या लिहून तुमच्या कोशात. 'चार दिवस'."

सगळे हसले. मी वही काढली आणि तिथेच लिहिले: 'चार दिवस' म्हणजे कोणी विचारेपर्यंत.

ती नोंद अजून आहे. कोशातली सगळ्यांत नेमकी नोंद आहे ती. अर्थ मला माहीत होता, तो मी सुंदर अक्षरात लिहिला, आणि वही खिशात घातली. विनोद हा माणसाला कळल्याचा पुरावा असतो, असे म्हणतात. असेल. पण आमच्या टेबलावर तो कळूनही गप्प बसण्याची सोय होता. हसून झाले, की बोलून झाल्यासारखे वाटे.

सोमवारी ऑडिट झाले. पाहुण्यांनी हाराचा फोटो काढला. पडदा चालू आहे का, असेही विचारले. त्यांना हिरवा दिवा दाखवण्यात आला.

चार दिवस गेले, आठ गेले. हार वाळला. वाळलेला झेंडू पाकळ्या सोडतो. पंख्याच्या वाऱ्याने त्या उडतात आणि कुठेही पडतात. डायमध्ये, म्हणजे ज्या साच्यात पत्रा दाबला जातो तिथे, एक पाकळी राहिली तरी भागावर खूण उमटते आणि भाग बाद होतो. त्या आठवड्यात असे काही भाग बाद झाले होते आणि भाऊसाहेबाने त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. म्हणून पाकळी दिसली की तो ती काढायचा. त्या दिवशीही काढायला हात आत घातला. पाय प्रेस खाली आणणाऱ्या पॅडलवर होता. पडदा बंद होता.

उजव्या हाताची मधली दोन बोटे.

आवाज मोठा झाला नाही, एवढेच लिहितो. त्यानंतर हार उतरवायला किती वेळ लागला, ते मी सवयीने घड्याळात पाहिले. चार मिनिटे. बायपासची तार काढायला त्याहून कमी. ज्या हाराला दिवाळीपर्यंत हात लावता येत नव्हता, तो भाऊसाहेबाला घेऊन गाडी गेटबाहेर पडायच्या आत कचऱ्याच्या पिंपात गेला होता.

दुसऱ्या दिवशी देशमाने साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. व्हाय-व्हायचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिहा. पहिले का. अपघात का झाला? हात डायमध्ये होता."

लिहिले.

"दुसरे का. हात डायमध्ये का होता?"

"हाराची पाकळी काढायला," मी म्हणालो.

"हार, पाकळी काही नको. लक्ष नव्हतं. लिहा, निष्काळजीपणा." मग तेच थांबले. "थोडं कडक वाटतं. पत्रकार, तुमचं मराठी सुंदर आहे. याला जरा सौम्य शब्द नाही का?"

होता. आणि मी तो दिला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड येते ती याची, की मला तो आठवायला वेळ लागला नाही. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे हेच केले होते. शब्द बोटांच्या टोकावर असतात. मी लिहिले: 'कामगाराचे अनवधान.'

देशमान्यांनी वाचले आणि मान डोलावली. त्या शब्दात कोणाचा आवाज चढलेला नव्हता. शिवाय तो शॉपवर कोणाला कळणार नव्हता.

"तिसरे का?" मी विचारले.

"कशाला? मूळ मिळालं ना."

"रकाने पाच आहेत, साहेब."

"रेघ मारा. लागू नाही म्हणून लिहा."

मी पट्टीने तीन रेघा मारल्या. वाकड्या आल्या असत्या तर कागद खराब दिसला असता.

त्याच्या मागच्या पानावर उपाय लिहायचा असतो. 'कामगारास प्रशिक्षण दिले.' तारीख, प्रशिक्षण देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. घेणारा दवाखान्यात होता. "करून टाका," देशमाने म्हणाले. मी भाऊसाहेबाची सही करून टाकली. कागद फाइलला लागला आणि त्यावर 'क्लोज्ड' असा शिक्का पडला. दोन दिवसांनी सॅमसनने तो फाइलमध्ये पाहिला आणि कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. डबा उघडला नाही.

"पत्रकार, भाऊसाहेबाला डाव्या हातानं इतकं सुरेख येतं व्हय?"

कोश त्या दिवशी वाचला गेला नाही. पुन्हा कधीच नाही.

आता सांगायची राहिली आहे ती गेटवरची गोष्ट. वरचे सगळे मी हुकमावरून केले, असे म्हणता येईल. हे कोणी करायला सांगितले नव्हते.

दिवाळीनंतर एका दुपारी भाऊसाहेब गेटवर आला. हाताला पांढऱ्या पट्टीचा गोळा. सोबत त्याची बायको, सुमनताई; त्या पहिल्यांदाच कंपनी पाहत होत्या आणि धुराड्याकडे पाहावे तशा वर पाहत होत्या. आत सोडत नव्हते, म्हणून त्याने मला बाहेर बोलावले.

"पत्रकार, माझ्या कागदात काय लिवलंय?"

मी म्हणालो, ते इंग्रजी-मराठी मिसळून असते, तांत्रिक असते.

"म्हनून तर तुमाला इचारतो. तुमाला त्यांची भाषा येती. कोशवाले तुमी. जे हाय ते सरळ सांगा. गावात लोक इचारत्यात, चूक कुनाची. मला जे हाय ते पायजे."

अकरा वर्षांत त्याने कंपनीकडे मागितलेली ती बहुधा एकमेव वस्तू होती: एका शब्दाचा अर्थ. आणि मी त्या शॉपवरचा एकमेव माणूस होतो ज्याचे काम अर्थ सांगणे हेच होते.

"मशीनच्या बाजूने दोष होता, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"म्हंजी माझी चूक न्हाई?"

"नाही."

"बगा," सुमनताई म्हणाल्या. "मी म्हनत हुते का न्हाई?" आणि पदराचे टोक तोंडाशी धरले. भाऊसाहेबाने पट्टीचा गोळा छातीशी नेला. तो नमस्कार होता. मग दोघे स्टँडच्या रस्त्याने गेली. मी आत आलो. मला बरे वाटत होते. दुःखी माणसाला दिलासा दिला, असे काहीतरी वाटत होते. खोटे बोलल्यावर इतके बरे वाटू शकते, ही माहिती कोणत्याही कोशात नाही.

त्याने गावात सांगितले. कंपनीनंच लिवून ठेवलंय, मशीनचा दोष हुता. पारावर सांगितले, सासरवाडीला सांगितले. मग हात बरा झाल्यावर कामावर यायला निघाला, तर त्याला 'ब्रेक' दिलेला होता. हा शब्दही कोशात होता: 'ब्रेक' म्हणजे परत येऊ नका, पण आम्ही तसे म्हणालो नाही. शेजारच्या कंपनीत विचारायला गेला. माणसे पुरवणारा ठेकेदार दोन्हीकडे तोच. त्याने चार माणसांत सांगितले, "तुझ्या कागदावर अनवधान हाय, भाऊसाहेब. म्हंजी तुझं ध्यान नव्हतं. असला माणूस प्रेसवर कोन घील?"

सॅमसनकडून मला निरोप आला. भाऊसाहेबाने एकच वाक्य पाठवले होते: "पत्रकाराला म्हनावं, भाषा येत नव्हती तर तसं सांगायचं."

मार्चमध्ये मी कंपनी सोडली. पुढे दुसऱ्या एका वर्तमानपत्रात जागा मिळाली आणि आजवर तिथेच आहे. तिथला कोश वेगळा नाही. 'किरकोळ जखमी' म्हणजे जखम आमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही. 'तांत्रिक बिघाड' म्हणजे ज्याने केला त्याचे नाव छापायचे नाही. 'मानवी चूक' म्हणजे जो माणूस फोन उचलू शकत नाही त्याची चूक. आता असा शब्द बातमीत आला की मी बातमीदाराला परत फोन करतो. बिघाड म्हणजे काय झाले? तार कोणी टाकली? टाकायला कोणी सांगितली? तरुण पोरे वैतागतात. म्हणतात, सर, प्रेस नोटमध्ये एवढंच आहे. बहुतेक वेळा मला उत्तर मिळत नाही आणि शब्द तसाच छापला जातो. पण दर वर्षी बाजारात झेंडू आला, की त्या सगळ्या छापलेल्या शब्दांचा वास एकदम येतो. हाराचा दोष नव्हता. तारेचाही नव्हता, ती सांगितले तसे वागली. पाच 'का' शोधून काढणाऱ्याचा तर मुळीच नव्हता. त्याला वाटले असेल, की माणसे पाचव्यापर्यंत उतरतील. माणसे तिथवरच उतरतात जिथे त्यांच्यापेक्षा लहान कोणीतरी उभे असते.

यंदा खंडेनवमीला सुट्टी घेतली. उपसंपादकाला तपासलेली मुद्रिते जपून ठेवायची खोड असते. त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे होती. ती घेऊन सकाळची कर्जतची एसटी पकडली, पुढे जीप.

भाऊसाहेबाची पिठाची गिरणी आहे. पूजेमुळे ती त्या दिवशी बंद होती. आत दळणाचा गोड, कोमट वास. गिरणीच्या पट्ट्याला पूर्ण लांबीची जाळी बसवलेली, पिवळ्या रंगाने रंगवलेली. हार घातला होता, तो वर, धान्य ओतायच्या चाडीला. पट्ट्यापासून हातभर लांब, आणि लोंबू नये म्हणून मागून तारेने आवळलेला. भाऊसाहेबाचे केस पांढरे झाले आहेत. मला पाहून तो उठला नाही.

"वळखलं," म्हणाला. "बसा."

सुमनताईंनी चहा आणून ठेवला आणि त्या दाराशी थांबल्या.

मी म्हणालो, "तेव्हा गेटवर तुम्ही विचारलं होतं. ते वाचून दाखवायला आलोय." आणि कागद काढून वाचला. पहिले का. दुसरे का. "'कामगाराचे अनवधान.' म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं, असं."

"ठावं हाय. ठेकेदारानं सांगितलं हुतं. त्यो चौथी शिकलेला हाय. त्याला आलं सांगता."

त्याने कागदाकडे बोट केले.

"लिवलं कुनी?"

"मी."

"आन शब्द? शब्द कुनी काढला?"

"तोही मीच."

त्याने डावा हात पुढे केला. मी कागद दिला. त्याने तो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला. "अक्षर लई सुरेख हाय," म्हणाला. मग उलटून मागची बाजू पाहिली. "ही सही कुनाची?"

"तुमची म्हणून मी केली."

"माझ्यापरीस बरी हाय." त्याने कागद पुन्हा सरळ केला आणि उरलेल्या बोटांनी रेघांवर टिचकी मारली. "हे तीन खानं मोकळं का?"

"लागू नाही, असं म्हणाले."

"लागलं न्हाई? मला तर लागलं." तो हसला नाही. "पेन हाय का?"

पेन होते. त्याने कागद पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"लिवा. तिसरं का. ध्यान नसंल, तर पडद्यानं का आडवलं न्हाई? पडदा बंद केला हुता. लिवलं? चौथं का. पडदा बंद का केला? हार सोडायचा नव्हता म्हनून. मालकाचा हार हुता. बोटं माझी हुती. असंच लिवा, सौम्य करू नका."

मी असेच लिहिले. रेघांवरूनच लिहावे लागले. अक्षरे रेघेत अडकत होती.

"पाचवं तुमचं," भाऊसाहेब म्हणाला. "हे समदं तुमाला तवाच ठावं हुतं. तवाच का लिवलं न्हाई?"

दाराशी सुमनताई उभ्या होत्या. मला तीन-चार सौम्य शब्द सुचले, नेहमीसारखेच, ताबडतोब. ते जाऊ दिले. मग लिहिले: लिहिणाऱ्याला नोकरी टिकवायची होती.

"वाचा."

वाचले.

"मोठ्यानं. तिला बी ऐकू द्या. तवा ती बी गेटवर हुती."

पुन्हा वाचले, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. सुमनताईंनी ऐकून घेतले आणि चहाचा भरलेला कप माझ्यापुढून उचलून आत नेला.

"सही करा," भाऊसाहेब म्हणाला.

मी सही केली, स्वतःच्या नावाची. अक्षर चांगले आले नाही.